आईची नक्कल

टेप हे नाव तिला मामाने दिलं. ती जेमतेम बोलायला लागली होती तेव्हाची गोष्ट. मामा खोकला की ही तस्संच खोकायची, आत्या शिंकली की ही आत्यासारखंच नाक मुरडून "अगं आई गं" म्हणायची. "ही पोरगी नाही, टेप आहे," मामा म्हणाला, "एकदा ऐकलं की वाजवलंच." तेव्हापासून खरं नाव हजेरीपुरतं उरलं.

सोळाव्या वर्षापर्यंत तिने आसपासचं कुणी म्हणून सोडलं नव्हतं. दाताचा डॉक्टर, दूध टाकणारा, वरच्या मजल्यावरचे सारखे घसा खाकरणारे आजोबा, सगळे तिच्याकडे कायमचे मुक्कामाला होते. एकदा वर्गात मुख्याध्यापिकांची नक्कल ऐन रंगात आली असताना हसणारी पोरं अचानक गप्प झाली. टेपने मागे वळून पाहिलं, तर बाई दारात उभ्या! प्रकरण चांगलंच शेकलं असतं, पण भाषेच्या सरांनी मध्ये पडून मिटवलं. "हिला शनिवारी नाटकाच्या वर्गाला धाडू या," ते म्हणाले. "इथे वाया चाललंय ते तिथे तरी कामी येईल."

नाटकाचा वर्ग भरायचा एका बंद पडलेल्या छापखान्यात. यंत्रं केव्हाच हलवली होती, पण ती जिथे बसवलेली होती तिथले जाड बोल्ट जमिनीतून अजून डोकं वर काढून होते, आणि फरशीवर शाईचे डाग होते. बोल्टला ठेचकाळल्याशिवाय इथे कुणी आपल्यातला होत नाही, असं जुनी पोरं नव्यांना सांगायची आणि मग गंमत बघत उभी राहायची.

वर्ग घ्यायची ती ताई. पन्नाशी ओलांडलेली, एक गुडघा दुखरा, म्हणून सदा एका उंच स्टुलावर. आवाज कधी चढवायची नाही. पोरांनी प्रवेश करून दाखवला की तोंडातली लिमलेटची गोळी या गालातून त्या गालात सारायची आणि म्हणायची, "परत." दुसऱ्यांदा केलं की म्हणायची, "परत." पोरांनी तिचं नाव परतताई ठेवलं होतं. ते तिला माहीत होतं, आणि तिची काही हरकतही नव्हती.

पहिल्याच दिवशी ताईने विचारलं, "तुला काय येतं?" टेपने इकडेतिकडे पाहिलं, कोपऱ्यातला मोडका बाक ओढला, त्यावर एक पाय लांब करून बसली, गाल फुगवून मनातल्या मनात गोळी सारली आणि हळूच म्हणाली, "परत."

पोरांची हसून पुरेवाट झाली. ताईसुद्धा हसली, मनापासून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "झकास. ही झाले मी. आता तू कर."

"मी म्हणजे?"

"तू म्हणजे तू. या दारातून आत ये आणि त्या खिडकीपर्यंत चालत जा. बाकी काही नको."

टेप दाराबाहेर गेली, आत आली, आणि अर्ध्यातच थांबली. हात कुठे ठेवायचे तेच कळेना. आजवर तिच्या हातांना असा प्रश्नच पडला नव्हता, ते नेहमी दुसऱ्या कुणाचे तरी असायचे. ती खिडकीपर्यंत गेली खरी, पण लाकडाच्या ओंडक्यासारखी. त्या दिवशी घरी जाताना तिने ठरवलं की पुन्हा इकडे फिरकायचं नाही. पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसली.

त्या वर्षी पोरांनी स्वतःच एक नाटक रचलं होतं. एक घर, एक संध्याकाळ. मोठा मुलगा नोकरीसाठी परगावी निघालाय, त्याचं सामान बांधणं चाललंय, आणि घरातला प्रत्येक जण काहीतरी दुसरंच बोलतोय. मुलाचं काम लंबूकडे होतं. लंबू दारातून वाकून यायचा इतका उंच, पण आवाज एवढासा. सगळे संवाद तो आपल्या शर्टाच्या बटणांना सांगायचा. टेपचा डोळा होता शेजारणीच्या कामावर. कुणी न विचारता सल्ले देणारी शेजारीण, म्हणजे हुकमी हशा. पण ताईने तिला आई दिली.

"मी? आई?" टेपचा चेहरा पडला. "तिला काही विनोदच नाहीये."

"मग तू आण की तो," ताई म्हणाली.

टेपने घरी आल्यावर आपल्या आईकडे जरा निरखून पाहिलं आणि तिला घबाडच सापडलं. आई एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे धुऊन, इस्त्री करून, घड्या घालून परत जायच्या. बाबा मालाच्या ट्रकवर, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. म्हणून घरात बहुतेक वेळ या दोघीच. आई कामावरून यायची, पिशवी ठेवायची, आणि हातात येईल त्याची घडी घालत सुटायची. रुमालाची घडी, वर्तमानपत्राची घडी, बिस्किटाच्या रिकाम्या कागदाचीसुद्धा व्यवस्थित चौकोनी घडी. प्रश्न विचारायची आणि उत्तर ऐकायच्या आत खोलीतून निघून जायची. आत माणूस बसलेलं असलं तरी जाता जाता दिवा मालवायची. खुर्चीवर बसायची ती अगदी टोकाला, आता कुणी हाक मारणारच आहे अशी. कुणी काही करायला उठलं की म्हणायची, "असू दे, मी करते," आणि उठताना असा काही उसासा सोडायची की बसलेल्याला अपराधी वाटावं.

टेपने ते सगळंच्या सगळं उचललं आणि शनिवारी छापखान्यात मांडलं. लंबू निरोपाचं बोलत असताना तिने त्याच्या अंगातल्या शर्टाचं टोक धरून त्याची घडी घालायला सुरुवात केली. लंबू दचकून मागे सरला, ही शर्टासकट त्याच्या मागे. पोरं लोटपोट झाली. "असू दे, मी करते" तर इतकं गाजलं की वर्गात कुणी खडू उचलायला वाकलं तरी बाकीचे एका सुरात तेच म्हणायचे. ताई मात्र "परत" म्हणत राहिली. टेपला वाटलं, हिला विनोद कळत नाही.

प्रयोग जवळ आला तसं ताईने पालकांना सांगून ठेवलं की ज्याला जमेल त्याने थोडा हातभार लावावा. टेपच्या आईने कपड्यांना इस्त्री करून देते म्हणून कळवलं, आणि एका शनिवारी कामावरून सुटल्यावर ती नाटकाच्या इस्त्री केलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन थेट छापखान्यात आली. येणार आहे हे टेपला ठाऊक नव्हतं.

ती आली तेव्हा प्रवेश ऐन भरात होता. आई दारात थांबली, मध्ये कशाला व्यत्यय म्हणून. टेपची पाठ तिच्याकडे होती. टेपने दिवा मालवला, टोकावर बसली, उसासा सोडून उठली, वर्तमानपत्राची घडी घातली, तिची आणखी घडी घातली. हशा थांबता थांबेना. मग लंबूचं लक्ष दाराकडे गेलं आणि तो आयुष्यात पहिल्यांदा बटणांशी न बोलता म्हणाला, "टेप... तुझी आई."

आईही हसत होती. सगळ्यांकडे बघत, मान हलवत. "छान करते हं," ती म्हणाली. कपडे एकेक करून दोरीवर टांगले, एका कॉलरला पडलेली चुणी हाताने सरळ केली, ताईला नमस्कार केला आणि "जेवायला थांबते तुझ्यासाठी," असं लेकीला सांगून निघून गेली.

घरी काय वाढून ठेवलंय या विचाराने टेप धास्तावतच आली. पण घरी काहीच नव्हतं, आणि तेच वाईट होतं. आई रागावली नाही, बोलली नाही. ती खुर्चीवर पाठ टेकून बसली होती, फोटो काढायला बसावं तशी. चहाबरोबर बिस्किटं खाल्ली, पुड्याचा कागद हातात घेतला, बोटांनी कड दुमडली, आणि मध्येच थांबून तो तसाच चुरगळून ठेवून दिला. टेप ताटं घ्यायला उठली, तेव्हा आई "असू..." एवढंच म्हणाली आणि ओठ मिटून गप्प राहिली.

असेच दिवस जाऊ लागले. एकदा आईने विचारलं, "उद्या शाळा आहे का?" आणि उत्तराची वाट बघत समोर उभी राहिली. टेपला रडूच फुटायचं बाकी राहिलं.

"आई, ते नाटकातलं होतं गं."

"हो ना. मला का कळत नाही?"

"मग तू अशी का वागतेयस?"

"कशी?"

स्वतःच्याच घरात आई पाहुण्यासारखी वावरत होती. हातपाय कुठे ठेवायचे हे तिला कळेनासं झालं होतं, आणि ते काय असतं हे टेपला खिडकीपर्यंत चालत गेली त्या दिवसापासून चांगलंच माहीत होतं.

पुढच्या शनिवारी तिने ताईला बाजूला गाठलं. "मला ही आई नको. दुसरी कुठलीही करते. शेजारीण तरी द्या."

ताईने तिला स्टुलाशेजारच्या पेटीवर बसवलं आणि एक गोळी दिली. "नको तर नको. पण मला एक सांग, ती टोकावर का बसते?"

"कोण, आई? सवय आहे तिची."

"मी सवय नाही विचारली. का बसते?"

टेपने गोळी या गालातून त्या गालात सारली.

"तू बघितलंस फार बारीक," ताई म्हणाली. "तुझ्यासारखं बघणारं पोर या छापखान्यात मी पाहिलं नाही. पण जिथे हसू आलं तिथे तू थांबलीस. तिथून पुढे थोडं चालायचं असतं. मी 'परत' म्हणते ते उगाच नाही म्हणत गं."

"मग तिलाच विचारू का?"

"विचार. पण बघणं सोडू नकोस."

विचारायचं धाडस झालं नाही, पण बघण्याची संधी आपणहून आली. शाळेला सुट्टी होती आणि आई डबा घरीच विसरून गेली. आई डबा विसरली असं आजवर कधी घडलं नव्हतं. टेपने डबा उचलला आणि ती लाँड्रीत गेली. इतक्या वर्षांत तिने त्या इमारतीचं फाटक तेवढं पाहिलं होतं, आत पाऊल टाकलं नव्हतं.

आत पाऊल टाकलं आणि आवाजाने कानठळ्याच बसल्या. मोठमोठी धुलाई यंत्रं घुमत होती, वाफ फुसफुसत होती, आणि हॉलच्या मधोमध एका लांबलचक यंत्राचे गरम रूळ ओल्या चादरी गिळून पलीकडून कडक करून बाहेर सोडत होते. रुळांच्या पलीकडे बायका जोडीजोडीने उभ्या होत्या. चादर आली की दोघी टोकं पकडायच्या, झटका द्यायच्या, एकमेकींकडे चालत यायच्या, हात हाताला लागायचा, घडी तयार. तोंडाने कुणी बोलत नव्हतं, बोलून ऐकू येण्याची सोयच नव्हती. बोलायच्या त्या हातांनी, भुवयांनी, खांद्यांनी. एकीने दोन बोटं गालावर फिरवून लांब मिशी दाखवली आणि काचेच्या खोलीकडे मान उडवली. साहेब आलेत, हे नवख्या टेपलासुद्धा समजलं.

आणि मग तिला आई दिसली.

आई घड्या घालायच्या टेबलाच्या टोकाला उभी होती, पण ही घरातली आई नव्हती. ही ताठ होती, डोळ्यांत खट्याळपणा होता आणि सगळ्या बायकांची नजर तिच्यावर खिळलेली. चादर येण्याआधी जी जरा उसंत मिळत होती तेवढ्यात ती काहीतरी करून दाखवत होती. टेप चादरींच्या ढकलगाडीआड थांबली आणि बघू लागली.

आईने एक हात डोळ्यांसमोर धरला, त्या हाताच्या तळव्यात बघत बघत चालली, वाटेत टेबलाला धडकली, टेबलाकडेच रागाने पाहिलं. मग हवेतला फ्रीज उघडला. आत बघत उभी राहिली. बंद केला. परत उघडला, मधल्या वेळात आत काहीतरी उगवलं असेल अशा आशेने. मग आरशासमोर उभी राहून हनुवटीवरची पुटकुळी अशा चेहऱ्याने तपासली, जणू आता जगण्यात काही राम नाही. मग मान न वळवता मागे हात लांब केला आणि बोटं हलवली. टॉवेल! टॉवेल दे!

बायका टेबलावर थापा मारत होत्या. सगळ्यांत वयस्कर बाई, जिला सगळ्या आक्का म्हणायच्या आणि जी या टेबलाची प्रमुख होती, ती पोट धरून खाली बसली होती.

ही आपण आहोत हे टेपला कळायला एक क्षण लागला. मग तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आपण अशा दिसतो? तो हात, तो आपण रोज मागे करतो, टॉवेल देणाऱ्याकडे न बघता? हसणाऱ्या बायकांच्या गराड्याबाहेर, डबा छातीशी धरून उभं असताना तिला छापखान्याच्या दारातली आई आठवली.

तेवढ्यात आक्काने तिला पाहिलं आणि आईला कोपराने ढोसलं. आई वळली. हात तसाच हवेत राहिला. मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि बायका दोघींकडे.

मग आईने एक भुवई हळूच वर केली. बोलायचं काही नव्हतंच, पण त्या भुवईने विचारलं: कसं काय? फिट्टंफाट?

टेपने डबा खाली ठेवला. ढकलगाडीतला एक छोटा टॉवेल घेतला. त्याची घडी घातली. घडीची घडी घातली. आणखी दुमडत दुमडत त्याचा एवढुसा गठ्ठा केला, समाधानाने एक उसासा सोडला आणि गठ्ठा ठेवायला जागा शोधत इकडेतिकडे पाहत शेवटी तो आक्काच्या हातात देऊन टाकला.

आक्काला त्यानंतर उठवायला दोघी लागल्या. तोवर रुळांपाशी चादरींचा ढीग तुंबला होता, आणि काचेच्या खोलीतून साहेब नाक चिकटवून बघत होते की आज झालंय तरी काय.

जेवणाच्या सुट्टीत मायलेकी मागच्या अंगणात उलट्या पेट्यांवर बसल्या. कान अजून गुणगुणत होते. टेपने आईच्या डब्यातला एक घास घेतला आणि म्हणाली, "तू माझ्यापेक्षा भारी करतेस."

"तुला वाटलं तुझा गुण तुझ्या मामाकडून आला?"

"घरी का नाही करत कधी?"

आईने विचार केला. "घरी येईपर्यंत संपलेलं असतं गं सगळं. जे उरतं ते तुझ्या वाट्याला."

थोडा वेळ दोघी जेवल्या. मग टेपने खाली बघतच विचारलं, "त्या दिवशी राग आला होता तुला?"

"राग नाही." आई डब्याच्या झाकणाशी चाळा करत होती. "तू अगदी हुबेहूब केलंस. मला हसूही आलं. पण नंतर वाटेत वाटलं, हिला मी एवढीच दिसते का? दिवा मालवणारी आणि उसासे टाकणारी? आणि मग वाटलं, हिला दुसरं काही दिसावं असं मी तरी कधी केलं?"

टेप जवळ सरकली आणि आईच्या खांद्याला खांदा लावून बसली.

जेवण झाल्यावर आई मागच्या भिंतीला पाठ टेकून बसली, अगदी सैल होऊन. टेपने तिला असं टेकलेलं फार क्वचित पाहिलं होतं. डोळे मिटले, तोंड किंचित उघडलं, वय एकदम दिसायला लागलं. मग भोंगा झाला. आईचे डोळे उघडले, पण शरीर उठेना. तिने एक हात गुडघ्यावर दाबला, दुसऱ्याने पेटीची कड धरली, आणि मधे एक क्षण असा गेला की उठते की नाही. चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. मग ती उठली आणि दाराशी आलेल्या आक्काकडे बघून डोळा मारला, काही झालंच नाही अशी.

"म्हणून मी टेकत नाही कुठे," कपडे झटकत आई म्हणाली. "एकदा टेकलं की मग उठवत नाही. चल, पळ तू घरी."

घरापर्यंतच्या वाटेत टेपच्या डोळ्यांसमोर तो एक क्षण होता. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, पण तो तिला सोडायचा नव्हता.

त्या संध्याकाळपासून घरात तालमी सुरू झाल्या. टेबल सरकवून जागा केली. आई प्रेक्षक झाली, मग मार्गदर्शक झाली, मग थेट हट्टाला पेटली. "असा नाही येत उसासा. आधी मी पोटात दाबते त्याला. तू एकदम सोडतेस." चादर कशी धरायची, झटका मनगटातून कसा द्यायचा, समोरच्याच्या चालीशी आपली चाल कशी जुळवायची, सगळं तिने शिकवलं. आणि एकदा टेपने कौतुकाच्या आशेने तिच्याकडे पाहिलं, तेव्हा आई ताईसारखा गाल फुगवून म्हणाली, "परत." दोघी इतक्या हसल्या की वरच्या आजोबांनी जमिनीवर काठी आपटली.

शनिवारी टेप ताईला म्हणाली, "मी आईच करते. पण जरा बदललीय."

नव्या प्रवेशात आई आणि निघालेला मुलगा मिळून त्याच्या अंथरुणाची चादर घडी करत होते. मुलगा तोंड पाडून उभा, म्हणून आई त्याला हसवायला त्याचीच नक्कल करून दाखवायची, आणि तो हसला की तिला बघवायचं नाही. लंबूला पहिल्यांदाच उत्तर द्यावंसं वाटेल असं काहीतरी समोरून मिळालं. बटणांकडे बघायला त्याला वेळच राहिला नाही. चादर एकीकडे ओढली की दुसऱ्याला मान वर करावीच लागते.

ताई बघत होती. "परत," ती म्हणाली. "आणि टेप, पोरांकडे नको बघूस हसतात का म्हणून. हशा मागायचा नाही. आला तर बसू द्यायचा, गेला तर जाऊ द्यायचा." परत केलं. परत. बोल्ट असलेल्या त्या फरशीवर दोघं इतक्या वेळा चादर घेऊन मागेपुढे चालली की लंबू म्हणाला, आता मी खरंच परगावी जातो. मग एकदा प्रवेश संपला आणि ताई काहीच बोलली नाही. पोरं वाट बघत राहिली. ताई म्हणाली, "पुढचा घ्या." लंबूने टेपकडे असं पाहिलं, जणू दोघांना मोठं बक्षीस लागलंय.

प्रयोगाला छापखाना भरून गेला. बाबांना ट्रक सोडून येणं जमलं नाही, पण लाँड्रीची पुरी एक रांग आली होती, मधोमध आई, शेजारी आक्का. टेपने पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि ती तशीच ताईकडे धावली.

"ताई, मला काहीच आठवत नाहीये."

"आठवायचंय कशाला? लंबू निघालाय, त्याचं सामान बांधायचंय. जा, बांध."

सुरुवात झाली. घड्यांना हसले लोक, मालवलेल्या दिव्याला हसले. टेपने हशा बसू दिला आणि पुढे गेली. चादरीच्या प्रवेशात मात्र लंबूचे हात घामेजले होते आणि त्याच्याकडचं एक टोक सुटून खाली पडलं. तो थिजला. संवाद विसरला, चादरीकडे बघत राहिला.

टेपने भुवया उंचावल्या, मनगट वर उडवलं, हनुवटीने खूण केली: उचल, ताण, ये. लाँड्रीतल्या बायका करायच्या तसं. लंबूला ती भाषा येत नव्हती, पण रांगेतल्या आक्काला येत होती. तिचे दोन्ही हात आपोआप हवेत गेले आणि तिने न दिसणारी चादर झटकली. रांगेत खसखस पिकली. लंबू भानावर आला, टोक उचललं आणि हसला. ते हसू नाटकात नव्हतं, पण टेपने ते तसंच झेललं. "असाच हसत जा तिकडे," ती म्हणाली. हे वाक्य कुणी लिहिलेलं नव्हतं.

मुलगा गेला. दार लागलं. आईने त्याच्या खोलीतला दिवा मालवला, येऊन खुर्चीच्या टोकावर बसली. थोडा वेळ तशीच बसली. मग हळूहळू मागे सरकून तिने पाठ टेकली. आतून कुणीतरी हाक मारली. तिने हात गुडघ्यावर दाबला, खुर्चीची कड धरली, आणि तिला उठवेना. मग ती उठली. "आले," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

टाळ्या वाजल्या त्या टेपला नीट ऐकूच आल्या नाहीत. ती पडद्यामागे एका पेटीवर बसून होती, आणि लंबू तिच्यासमोर वाकून पुन्हा पुन्हा विचारत होता, "मी मोठ्याने बोललो ना? शेवटच्या रांगेपर्यंत?" "पोचलं रे, पोचलं," ती म्हणाली. तो खरंच पोचला होता.

बायकांनी पडद्यामागे येऊन तिला घेरलं, कुणी गाल ओढले, कुणी पाठ थोपटली. आक्का तिला म्हणाली, "साहेबांचं पण एक नाटक बसव की." आई सगळ्यांच्या मागे उभी होती. गर्दी हटली तेव्हा ती पुढे आली आणि लेकीच्या कपाळावर आलेले केस मागे सारले. "शेवटचं ते," ती म्हणाली, आणि लेकीच्या खांद्यावरची धूळ झटकली. मग म्हणाली, "ते मी कधी कुणाला दाखवलं नव्हतं."

"मी बघितलं होतं," टेप म्हणाली.

"हो. कळलं मला."

थोड्या वेळाने माणसं पांगली, पोरं खुर्च्या रचायला लागली. ताई स्टुलावर बसून पाय चोळत होती. आईने तिच्याकडे चहाचा कप नेला आणि तिथेच पेटी ओढून बसली. दोघींनी आधी पोरांबद्दल चार शब्द बोलून घेतले. मग आईची नजर वर गेली.

"हा पडदा शेवटचा कधी धुतलात तुम्ही?"

"पडदा?" ताईने गोळी या गालातून त्या गालात सारली. "पडदे धुतात?"

"अहो, धुतात म्हणजे काय! केवढी धूळ पोरांच्या घशात जाते. काढून द्या मला, सोमवारी टाकते यंत्रात."

"आटला तर? जुनं कापड आहे ते."

"गार पाण्यात कशाला आटेल? तुम्ही उगाच काळजी करता."

"आणि रंग गेला तर?"

"रंग आहेच कुठे त्याला आता!"

टेप आपली आणि आईची पिशवी घेऊन दारात उभी होती. पोटात कावळे ओरडत होते. "आई, चल ना," तिने हाक मारली. दोघींपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. आई उठून पडद्याचं टोक चिमटीत धरून कापड जोखत होती आणि ताई दुखऱ्या गुडघ्यासकट तिच्या मागे जाऊन "जपून, जपून" म्हणत होती. लंबूने एक खुर्ची टेपसमोर आणून ठेवली.

"बस," तो म्हणाला. "यांचं आता लवकर संपत नाही."